कुजबुजीची शाळा

"हळू गं, अजून हळू. ओठ हलू देत, पण आवाज दातांच्या आत धर. मांजर पिल्लाला धरते ना, तसा."

हा आवाज देलमीचा. देलमी आता कुठं नाही, पण तिचा आवाज मिर्तालाच्या उजव्या कानामागं, केसांच्या मुळाशी, अजून घर करून आहे. एरवी तो झोपलेला असतो. परवा दुपारी मात्र, राजधानीतल्या, सान साल्वादोरच्या एका शाळेत चौथीच्या वर्गावर सरावाचा पाठ घेत असताना, मागच्या बाकावरून परीक्षक बाई एकच शब्द बोलल्या, "मोठ्यानं!", आणि तो खडबडून जागा झाला. मिर्तालानं घसा खाकरला, छाती भरून श्वास घेतला, धड्याची पहिली ओळ पुन्हा वाचली. तोंडून आलं ते पहिल्यापेक्षाही बारीक. समोरून मोठ्यानं, मागून हळू, आणि मधल्या मध्ये तिचा जीव दळणातल्या दाण्यासारखा. पाठ संपल्यावर परीक्षक बाईंनी, दोन्या ग्रिसेल्दांनी, चष्मा पुसत पुसत सांगितलं. रागानं नाही, हीच तर पंचाईत होती. "तुम्हाला शिकवता येतं हे दिसतंय मला. पण तिसऱ्या बाकापलीकडं काही पोचतच नाही, बाई. शुक्रवारी खरा पाठ. तेव्हाही असंच झालं तर माझा नाइलाज आहे."

नाइलाज हा शब्द घेऊन ती रस्त्यावर आली. ऑक्टोबरातला उत्तरेचा वारा सुटला होता, बसचे पोरगे दारात लोंबकळत गावांची नावं ओरडत होते, एक बाई डोक्यावर संत्र्यांची टोपली घेऊन कुणालातरी शिव्या घालत होती. साऱ्या शहराला आवाज होता. तिलाही होताच की. एल हिकारोत, आपल्या गावी, ती टेकडीवरून हाक मारायची तर खालच्या नदीवर धुणं धुणाऱ्या बायका मान वर करायच्या. पण पुस्तक उघडलं की तो आवाज अनवाणी होतो, पाऊल न वाजवता भिंतीकडेनं चालायला लागतो. आणि हे तिचं एकटीचं असतं तर तिनं सोसलं असतं. एल हिकारोची सगळी पोरं अशीच वाचतात. वाचायला उभं केलं की बाक सोडून जवळ येतात, बाईंच्या खांद्याला खांदा लावतात आणि कानात वाचतात. ज्यांना लष्कर नि डोंगरातल्या बंडखोरांची लढाई धड आठवतसुद्धा नाही, तीसुद्धा. थोरल्यांचं पाहून धाकटी, धाकट्यांचं पाहून शेंबडी. वाचणं म्हणजे हेच, असं त्यांना वाटतं. चिखलात चेंडू खेळताना हीच पोरं डोंगर डोक्यावर घेतात. मागं एक साहेब गाव बघायला आला, त्यानं विचारलं, "ही मुलं आजारी आहेत का?" मिर्ताला तिथं पंधराव्या वर्षापासून शिकवतेय. लढाई मिटली, शाळेवर नवे पत्रे आले, खिडक्यांना गज आले, आता सरकारला शिक्षकही शिक्का मारलेलाच हवा. शुक्रवारी पास झाली तर शिक्का तिला. नाही तर राजधानीतून कुणीतरी येणार, सोमवारी उगवणार, गुरुवारी परतीची बस धरणार, आणि मधल्या दिवसांत त्या कानाशी येणाऱ्या तोंडांना म्हणणार, दूर हो. बाकावर जा. मोठ्यानं. तिला त्या पोरांचे चेहरे दिसले.

शिक्षकांचा वर्ग पुरा होईपर्यंत ती शहराच्या कडेला, मेहिकानोसला, निन्या तेन्चाकडं खोली घेऊन राहत होती. निन्या तेन्चा संध्याकाळी दारातच शेगडी लावून पुपूसा विकायची, मक्याच्या जाड भाकऱ्या, चीज नि लोरोकोच्या कळ्या भरलेल्या, वर आंबवलेली कोबी. तिचा मुलगा विल्बेर स्टुलावर बसून तव्यावरच्या पुपूसा परतायचा. एक पाय स्टुलाखाली, दुसरा, गुडघ्याखाली लाकडाचा, पुढं रस्त्याकडं ताणलेला.

"काय गं सांता आनाकरीण," विल्बेर म्हणाला, "तोंड का असं शिळ्या भाकरीगत?"

"आवाज पोचत नाही म्हणतात."

"कुणाचा, तुझा? काल कोपऱ्यावरनं दूधवाल्याला हाक मारलीस तर तो सायकलवरनं पडता पडता राहिला!"

"पुस्तक हातात आलं की जातो."

"मग ठेव पुस्तक खाली. हे घे." त्यानं हातातलं उलथनं तिच्या हातात दिलं. "घाल आरोळी."

तिनं आरोळी घातली. "पुपूसाऽऽ! गरमागरम पुपूसाऽऽ!" पलीकडच्या फुटपाथवरची दोन कुत्री उठून गेली.

"अगं माझे बाई," निन्या तेन्चा पीठ थापता थापता म्हणाली, "गिऱ्हाईक बोलवायचंय, पळवून नाही लावायचं!"

विल्बेर हसत होता. त्यानं पुड्या बांधायच्या वर्तमानपत्रातला एक ताव उपसला नि तिच्यापुढं धरला. "आता हे वाच. त्याच आवाजात. फुटबॉलचंच आहे, काही अवघड नाही." तिनं ताव धरला. अक्षरं दिसली. ओठ हलले. तव्यावरचं चीज चरचरलं, तेवढंच ऐकू आलं. विल्बेरचं हसू हळूहळू उतरलं. निन्या तेन्चानं पिठाच्या हातानं छातीवर क्रूस काढला. "दृष्ट लागलीय पोरीला. शुक्रवारी सकाळी कोंबडीचं अंडं फिरवते अंगावरून. कोण बाई तुमच्या सांता आनाकडचं जळलं हिच्यावर!"

सांता आना. मिर्ताला सांता आनाची नव्हती. सांता आना देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॉफीच्या मळ्यांत, जिथं लढाई फारशी पोचली नाही. एल हिकारो चालातेनांगोच्या डोंगरात, ऐन लढाईच्या मुलखात, आणि तिथल्या माणसांनी शहरात आल्यावर गाव विचारलं की दुसरंच सांगायचं, ही सवय लढाईतली. तेव्हा खरं गाव सांगणारे रात्रीतून नाहीसे व्हायचे. आता कुणी नाहीसं होत नव्हतं. पण जीभ वळून वळून तिथंच जायची, आणि इथं तर विल्बेर होता. विल्बेर सहावीत होता तेव्हा शाळेतून घरी येताना शिपायांनी बस थांबवली, मिसरूड फुटलेले सगळे पोरगे खाली उतरवले. दप्तर सीटवरच राहिलं. ते नंतर ड्रायव्हरनं आणून दिलं, पोरगा नाही आला. त्याला बंदूक देऊन चालातेनांगोला पाठवला, आणि तिथल्या एका पायवाटेखाली कुणीतरी पुरून ठेवलेलं काहीतरी त्याच्या पायाखाली फुटलं. कुणीतरी म्हणजे कोण? मिर्तालाच्या दोन मामांनी अशा पुष्कळ वाटा पेरल्या होत्या. विल्बेर त्या दिवसांचं फार बोलत नसे. बोललाच तर अर्धंच. "तिकडचा डोंगर रिकामाच दिसायचा गं. चुली गरम, माणूस नाही. आणि कधी कधी..." एवढं म्हणून तो उलथनं तव्यावर आपटायचा, पुपूसा परतायचा, आणि ते "कधी कधी" धुरात जायचं. अशा वेळी मिर्ताला ताटली घासत खाली बघत बसे. तिलाही एक अर्धं होतंच.

माणसं खरोखरच डोंगरात नसत. डोंगराच्या पोटात असत. विमान फिरायला लागलं, शिपाई खिंड चढायला लागले की बायका-पोरं तातूत शिरत. तातू म्हणजे उतारावर खणलेलं भुयार, वर फांद्या, पाला, माती, त्यावर रोवलेलं एखादं जिवंत झुडूप. आत ओल्या मातीचा, लहानग्यांच्या मुताचा, आणि एकमेकांच्या केसांचा वास. सूर्य वर कुठं आहे ते कळायचं नाही. गावातल्या शाळेचं शिपायांनी ठाणं केलं होतं, बाकांचा जाळ करून त्यावर स्वतःची कॉफी उकळली होती, आणि शिक्षक तर त्याआधीच निघून गेला होता. राहिली ती देलमी. वय तेरा-चौदा, दोन वेण्या, पुढचा एक दात तुटका. अख्ख्या वस्तीत पोरांपैकी तिसरी पास अशी ती एकटीच. तर मोठ्या माणसांनी बैठक घेऊन ठरवलं, देलमीला जेवढं येतं तेवढं सगळ्यांना आलं पाहिजे. मग देलमी बाई झाली. उघड्यावर असताना फळीवर कोळशानं लिहायची, आणि तातूत शिरलं की ओवी गुणगुणावी तसं, ओठांतल्या ओठांत:

पहिलं अक्षर मातीचं, दुसरं अक्षर मक्याचं,
तिसरं अक्षर गिळून टाक, वरती पाऊल शिपायाचं.

पुस्तक एकच, तेही तिसरीपर्यंतचं. संपलं की पुन्हा पहिल्या पानापासून. मिर्ताला तिसरी कितीदा पास झाली याचा हिशोब नाही. चौथी नावाची इयत्ता असते, हे तिला लढाईच्या शेवटी शेवटी कुणीतरी सांगितलं, तेव्हा तिला समुद्राबद्दल ऐकल्यासारखं वाटलं होतं. असेल बुवा. एका पळापळीत, सगळी वस्ती अंधारात नदी उतरत असताना, देलमी मागच्या पोरांना आणायला वळली. पोरं आली. देलमी आली नाही. पळणाऱ्यांनी हाका मारायच्या नसतात, म्हणून तिला कुणी हाकही मारली नाही. मिर्तालाच्या गळ्यात ती न मारलेली हाक अजून आहे, आणि तिला कधी कधी वाटतं, पुस्तक उघडलं की आवाज अडतो तो तिथंच.

शुक्रवार उजाडला. निन्या तेन्चानं खरंच अंडं फिरवलं, ते पेल्यात फोडून बघितलं आणि समाधानानं मान हलवली. विल्बेर म्हणाला, "लढायला निघाल्यासारखी जाऊ नकोस. पुपूसा विकायला निघालीस असं समज."

वर्गाच्या खिडकीतून ज्वालामुखी दिसत होता, निळा, झोपलेला, आणि धडाही ज्वालामुखीचाच. चौथीची चाळीसेक पोरं, मागच्या बाकावर दोन्या ग्रिसेल्दा पेनाचं टोपण काढून बसलेल्या. खाली रस्त्यावर बसेस, आइस्क्रीमवाल्याची घंटा. मिर्तालानं पुस्तक उघडलं आणि तिला कळलं, आजही नाही. आवाज निघाला आणि पहिल्या बाकाशी बसकण मारून राहिला.

"बाई, ऐकू येत नाही!"

"बाई, बॅटरी संपली का?" हा ओस्मिन, खिडकीशी बसणारा, वर्गाचा हिरो. वर्ग खदखदला. दोन्या ग्रिसेल्दांनी "श्श" केलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. अगदी छोटं. तेवढ्यानं मिर्तालाचे कान तापले, मानेवर घाम आला, आणि त्या घामाबरोबर, कसं कोण जाणे, ओल्या मातीचा वास आला. मग तिला वाटलं, मी कुणाच्या आवाजानं शिकवायला निघालेय? हा आवाज कधी माझ्या शाळेत नव्हताच. माझी शाळा निराळ्या पद्धतीनं चालायची आणि त्या पद्धतीनं शिकलेलं एकही पोर अडाणी राहिलं नाही. मग मी इथं उभी राहून लाजतेय कशाची? तिनं पुस्तक मिटलं. टेबलावर ठेवलं. आणि पहिल्या बाकावरच्या जाकेलीनच्या कानाशी वाकून म्हणाली, "बाकं भिंतीला लावा. सगळे खाली बसा, मागच्या भिंतीकडं तोंड करून, एकामागं एक. मागच्याला सांग."

जाकेलीननं मागच्याला सांगितलं. त्यानं त्याच्या मागच्याला. बाकं खरडली, धूळ उडाली, दोन्या ग्रिसेल्दा अर्धवट उठल्या आणि पुन्हा बसल्या. जमिनीवर पोरांच्या रांगा झाल्या, होडीत बसल्यासारख्या, प्रत्येकाच्या नाकासमोर पुढच्याची पाठ. मिर्ताला पहिल्या रांगेच्या शेवटच्या पोरामागं बसली आणि त्याच्या पाठीवर बोटानं एक अक्षर काढलं.

तातूत फळी दिसायची नाही. कोळसा काळा, अंधारही काळा. म्हणून देलमीनं पाठी शोधल्या. ती शेवटच्या पोराच्या पाठीवर नखानं अक्षर काढायची, ते पोर पुढच्याच्या पाठीवर, ते त्याच्या पुढच्या. अक्षर भुयारभर सरपटत जायचं आणि तोंडाशी बसलेल्या पोरानं ते मातीवर उमटवायचं. मिर्तालाला पहिलं अक्षर डोळ्यांनी कळलं नाही, खांद्याच्या हाडानं कळलं. गोल अक्षरानं गुदगुल्या व्हायच्या, उभं अक्षर कण्यावरून थंड पाण्यासारखं उतरायचं. हसू आलं तर आपल्याच गुडघ्याला चावायचं. वर बूट वाजत असायचे आणि खाली पंधरा-वीस पाठींवरून एकेक शब्द चालत असायचा, मुंगीनं दाणा न्यावा तसा, न सांडता. भीती होती. पण भीतीच्या आत, कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल, सुख होतं. मागून कुणीतरी आपल्याला काहीतरी देतंय, पुढं कुणीतरी आपल्याकडून घेण्यासाठी थांबलंय.

दुसरं अक्षर. मग दुसरी रांग, तिसरी. रांगेत कुणीतरी फिसकन हसलं, बाकीच्यांनी त्याला चापट्या मारून गप्प केलं. हळूहळू वर्ग असा शांत झाला की शेजारच्या वर्गातल्या बाईंचं ओरडणं भिंतीतून ऐकू यायला लागलं, आइस्क्रीमची घंटा जवळ येऊन लांब गेली ती ऐकू आली. चाळीस पोरं श्वास धरून आपल्या पाठीकडं कान लावून बसली होती. पहिल्या रांगेतून शब्द पोचला. दुसरीत मध्येच तुटला, ओस्मिनच्या पाठीवर, कारण त्याला म्हणे फार गुदगुल्या होतात, पण तो स्वतःच मागं वळून, डोळे मोठे करून, अगदी हळू म्हणाला, "बाई, पुन्हा. मला कळलं नाही. पुन्हा काढा ना." तिसरी रांग दोन्या ग्रिसेल्दांच्या बाकापाशी संपत होती. तिथं सगळ्यांत पुढं जाकेलीन जाऊन बसलेली, आणि तिच्यासमोर पाठ नव्हती. तिनं इकडंतिकडं पाहिलं, उठली आणि दोन्या ग्रिसेल्दांच्या मागं जाऊन उभी राहिली. बाईंनी तिच्याकडं पाहिलं. मग मिर्तालाकडं. मग चष्मा काढला, बाकावर ठेवला आणि सरळ बसल्या. जाकेलीननं त्यांच्या पांढऱ्या ब्लाउजवर बोटानं काढायला सुरुवात केली. बाईंनी डोळे मिटले. त्यांचा चेहरा शाळकरी झाला, चूक होईल की काय या धास्तीनं कपाळाला आठी. शेवटचं अक्षर झालं.

"राख," दोन्या ग्रिसेल्दा म्हणाल्या. आणि त्याही कुजबुजल्या.

मग तो धडा कुणी थांबवू शकलं नसतं. राख कुठून येते, कशी येते, आजोबांनी कधी पाहिली, कुणाच्या कौलावर पडली. पोरं रांगेतून सरकत सरकत मिर्तालाभोवती गोळा झाली, गुडघ्याला गुडघे टेकवून, आणि प्रत्येकाला तिच्या कानातच सांगायचं होतं. ज्वालामुखीवरची दोन पानं त्यांनी आळीपाळीनं वाचली, एकानं वाचावं, बाकीच्यांनी झुकून ऐकावं. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा कुणी उठलं नाही. मिर्तालाच्या पाठीला घामानं पोलकं चिकटलं होतं आणि तिला असं वाटत होतं की तिच्या मागंही कुणीतरी बसलंय, वेण्या पुढं घेऊन.

दोन्या ग्रिसेल्दा जवळ आल्या. त्यांनी कागद हातात घडी करून धरला होता. "हे आपल्या पद्धतींच्या पुस्तकात नाही," त्या म्हणाल्या. "मी तीस वर्षं शिकवतेय, मी हे पाहिलेलं नाही. कुठं शिकलात हे?"

सांता आना जिभेवर येऊन तयार उभं होतं. कागद अजून त्यांच्या हातात होता. चालातेनांगो म्हटल्यावर भुवया वर जाणारी माणसं या शहरात कमी नव्हती. पोरं वर बघत होती. मिर्ताला उठून उभी राहिली.

"चालातेनांगोला," ती म्हणाली. आवाज निघाला तो टेकडीवरचा. खिडकीशी ठेवलेल्या शाईच्या बाटल्या थरथरल्यासारख्या वाटल्या. "एल हिकारो गावाला. लढाईत. जमिनीखाली. आमच्या बाईंचं नाव देलमी. त्या तिसरी पास होत्या!"

ओस्मिननं दोन्ही कानांवर हात ठेवले. "बाई! बॅटरी आली!"

दोन्या ग्रिसेल्दांनी कागदाची घडी उलगडली, तिच्यासमोरच सही केली, आणि पेनाचं टोपण लावताना म्हणाल्या, "देलमीबाईंच्या गावी मला एकदा न्या."

मेहिकानोसपर्यंत ती चालत गेली. बसेस डोळ्यांसमोरून जात होत्या, पण तिला बसायचं नव्हतं. वाटेत दुकानांच्या पाट्या ती मोठ्यानं वाचत सुटली. चपलांची दुकानं, दातांचे दवाखाने, मेणबत्त्या, टायर. लोक वळून बघत होते, बघोत. शेगडी नुकतीच पेटली होती, आकाशात अजून उजेड होता. निन्या तेन्चानं लांबूनच तिच्या चालीवरून ओळखलं आणि दोन्ही हात वर केले. "अंडं! मी सांगितलं नव्हतं? अंडं!" आणि गिऱ्हाइकांना सोडून आत चीज आणायला धावली, आज पुपूसांत डबल.

विल्बेर उलथनं धरून हसत होता. मिर्ताला त्याच्या समोर, पायरीवर बसली. आता थांबलं तर पुन्हा जमणार नाही, हे तिला कळत होतं.

"विल्बेर, मी सांता आनाची नाही."

"हं."

"मी चालातेनांगोची आहे. मी त्या भुयारांतून वाढले. तिथंच शिकले. तुझा पाय गेला त्या वाटा... ती माझीच माणसं."

तव्यावरची पुपूसा करपली, त्यानं ती करपू दिली. मग उलथनं खाली ठेवलं, लाकडी पाय दोन्ही हातांनी उचलून स्टुलाजवळ घेतला.

"सांता आनाकडं लोरोको घरोघर निवडतात, आणि आमच्या सांता आनाकरणीला तो कसा निवडतात तेच ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "पहिल्याच आठवड्यात कळलं होतं मला. वाट बघत होतो." मग आवाज खाली आला. "मी पण एक कुणाला सांगितलेलं नाही. आईलासुद्धा नाही. पाय जायच्या आधीची गोष्ट. आम्ही एका उतारावर दुपारी पडून होतो, मी झुडपाखाली आडवा, कान जमिनीला. आणि झुडपाच्या बुंध्याशी वाऱ्याचं भोक होतं, मुठीएवढं. त्यातनं आवाज येत होता. पोरांचा. पाढे म्हणत होती, गं. इतकं हळू की मला वाटलं मुंग्या म्हणतायत. साताचा पाढा. मी सहावीतनं उचललेला, माझ्या तोंडात आपोआप यायला लागला त्यांच्याबरोबर."

"मग?"

"मग साहेब आला, विचारलं, काही ऐकलंस? मी म्हटलं, नाही. ते पुढं गेले, मी पण उठून गेलो मागनं. पण एक राहून गेलं. एक पोरगी सात आठे चोपन्न म्हणाली, आणि बाकीच्यांनी तेच पुढं नेलं. कुणी सुधारलंच नाही. पुढं कित्येक महिने, दवाखान्यातसुद्धा, ते डोक्यात वाजत राहिलं. त्या भोकाला तोंड लावून सांगावंसं वाटलं होतं, आणि सांगता येत नव्हतं."

"काय सांगायचं होतं?"

"छप्पन," विल्बेर म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि तो हसत होता. "सात आठे छप्पन, बाई."